पातळ सालीची गोळी

ऑरिन हॉगलंडने उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या हातचं काडतूस उडवलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या हातचंही नाही. मोंटानाच्या त्या गवताळ टापूत हा नियम कुणी कुणाला शिकवत नाही, तो चालता-बोलता अंगात मुरतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून आणावा, शेजाऱ्याच्या घोड्यावर बसावं, वेळ पडली तर शेजाऱ्याच्या अडलेल्या गाईत खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढावं. पण घरी भरलेलं काडतूस ज्याने भरलं त्यानेच उडवावं. पितळेच्या त्या पुंगळीत दारू किती पडली, पडायची राहिली, की दोनदा पडली, हे वर गोळी बसवल्यावर बाहेरून कळत नाही. आणि चाप ओढताना माणसाचा गाल त्या पुंगळीपासून वीतभरही लांब नसतो.

म्हणून मार्चमध्ये, बर्फ फक्त कुंपणाच्या सावलीपुरता उरला असताना, तो शेजारच्या आर्डिस नायगार्डच्या स्वयंपाकघरात शिरला आणि रिकाम्या पुंगळ्यांचा डबा त्याने तिच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तिला काही उमगलंच नाही.

"धुऊन हव्यात?" तिने विचारलं.

"भरून."

आर्डिसने त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली. तिने लगेच नजर हलवली आणि कॉफीचं भांडं उचललं.

"बुडाच्या, ठिणगी पाडायच्या टोप्या बसवता येत नाहीत," ऑरिन म्हणाला. "मसुराच्या डाळीएवढी ती वस्तू. काल संध्याकाळभर जमिनीवर रांगत होतो. कुत्र्याला वाटलं मी खेळतोय."

"मग? खेळला का तो?"

"एखाददुसरी गिळली असावी. शेकोटीजवळ बसू देत नाहीये त्याला."

आर्डिस हसली, मग थांबली. "माझ्या हातची उडवशील तू?"

"दुसरं कोण आहे?" असं ऑरिन कपातल्या कॉफीला म्हणाला.

बाईला म्हणावं असं हे वाक्य नव्हतं. पण आर्डिस पुढे कित्येक दिवस ते वाक्य घरभर घेऊन फिरली.

*

(भरताना)

पुंगळी पुसायची. तिच्या तोंडातून आत बघायचं. जुनी टोपी पाडायची, नवी बसवायची, आणि अंगठा फिरवून बघायचं: टोपी किंचित आत असावी, वर आलेली नसावी.

(लुएलाला, म्हणजे ऑरिनच्या बायकोला, आर्डिसच्या हातची आंबट देठांची चटणी आवडायची. रुबार्बची. शेवटच्या आजारात फक्त तीच खायची. डबा परत द्यायला ऑरिन यायचा, दारातच उभा राहायचा.)

पुंगळ्या भोकाभोकांच्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या. दारू तराजूवर तोलून, छोट्या नरसाळ्यातून एकेकीत ओतायची. कुणाशी बोलायचं नाही. रेडिओ बंद. आर्डिसला हे तिच्या वडिलांनी शिकवलं, तिने लग्नानंतर नवऱ्याला, क्लिफला शिकवलं. क्लिफ गेल्यापासून ती एकटीच्या रायफलीसाठी भरत होती, लोणच्यांच्या बरण्यांशेजारी, कोठीच्या खोलीत.

(आता दोन रायफली. दोन्ही एकाच मापाच्या, बावीस-अडीचशे. हे सोयीचं होतं. सोय म्हणावं का याला? असू दे.)

दारू ओतून झाली की बॅटरी धरून ठोकळ्यातल्या प्रत्येक पुंगळीत डोकावायचं. सगळीकडे एकाच उंचीवर दारू दिसली पाहिजे. विहिरींची रांग असावी आणि सगळ्यांना सारखंच पाणी असावं, तसं.

आणि मग गोळी.

गोफर, म्हणजे शेतात बिळं करणारी खार, मारायची गोळी छोटी असते, हलकी, टोकाला उघडं शिसं आणि भोवती तांब्याचं साल. तेही मुद्दाम पातळ ठेवलेलं. लागली की जागच्या जागी तिचा भुगा होतो. दगडावर आपटून ती कुणाच्या गोठ्याकडे उडत जात नाही. गुराढोरांच्या मुलखात अशीच गोळी बरी. आर्डिसला ती या गुणासाठीच आवडायची. आपलं काम झालं की मागे काही न उरणारी.

भरायच्या यंत्राचा दांडा खाली ओढायचा, गोळी पुंगळीच्या तोंडात अलगद बसते. ओढताना घाई नाही. घाई केली तर गोळी तिरकी जाते.

(तो म्हणाला, दुसरं कोण आहे.)

*

ऑरिनची रायफल ती ओळखत होती. अक्रोडाचा दस्ता, त्याला घोड्याने चावल्याची खूण. नळी मात्र आता नवी होती. जुनी झिजली म्हणून ख्रिसमसला त्याच्या जावयाने स्पोकेनहून मागवून दिली, गावातल्या बंदूकवाल्याने बसवली, चार गोळ्या मारून वरची दुर्बीण जुळवून दिली. ऑरिनने आणून दाखवली तेव्हा आर्डिसने "चकाकते छान" एवढं म्हटलं होतं.

मग तिने आपल्या रायफलीला जे भरायची तेच भरलं. ऑरिनच्या जुन्या नळीलाही तो स्वतः तेच भरत आला होता. हलकी, पातळ सालीची गोळी. डब्यावर चिकटपट्टी लावली, त्यावर तारीख, दारूचं नाव, माप, गोळीचं वजन, आणि खाली, जिथे भरणाऱ्याचं नाव लिहितात तिथे, जरा वेळ थांबून: आ. ना.

*

कुंपणाशी.

"कशी चाललीयत?"

"छान."

"छान म्हणजे?"

"म्हणजे छान, आर्डिस. आणखी काय सांगू?"

"उंच जातात का, खाली जातात का, वाऱ्यात कशी वागतात, माणूस सांगतो."

"नीट वागतात. तुझ्यापेक्षा नीट. चौकशा करत नाहीत."

"अजून भरू?"

"भर ना."

तो हे म्हणाला तेव्हा गवताकडे बघत होता. त्याच्या त्या गवताच्या शेतात मातीचे ढीग वाढले होते. एकेक ढीग म्हणजे गोफरचं एकेक दार, आणि जुलैमध्ये कापणीचं यंत्र त्या ढिगांवरून गेलं की पात्याचे दात मोडतात. आर्डिसला ढीग दिसले. वसंत लवकर आलाय, पैदास झाली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं.

*

ससाण्यांचं सांगायचं राहिलं.

एप्रिलमध्ये दक्षिणेकडून ससाणे परत येतात, आणि दोन-चार दिवसांत त्यांना कळतं की बार झाला की जेवण. आर्डिसने शेताच्या कडेला गाडी उभी केली की ते येऊन खांबाखांबावर बसायचे. बार होई, आणि ती बोल्ट ओढून रिकामी पुंगळी काढेपर्यंत एकजण उतरलेला असे. एक मादी तर इतकी सोकावली होती की आर्डिस तिच्याशी बोलायची. "थांब गं बाई, श्वास तरी घेऊ दे."

मेच्या सुरुवातीला एका सकाळी आर्डिस अंगणात चादरी वाळत घालत होती. पलीकडे ऑरिनच्या शेतात बार झाला. कुंपणाच्या खांबावर तीच मादी बसली होती. तिने मान वळवली, आवाजाकडे बघितलं, आणि परत पंख साफ करू लागली.

दुसरा बार. मादी हललीही नाही.

आर्डिस चादरीचं टोक हातात धरून उभी राहिली. त्या बाजूच्या बारानंतर जेवण मिळत नाही, हे पाखराला कळलं होतं.

*

(ऑरिनच्या मुलीचा फोन. आर्डिसची बाजू.)

"हॅलो... अगं डार्ला! कशी आहेस? मुलं?... हो, इकडे हिरवं झालंय सगळं. वारा आहेच."

"..."

"काय म्हणाला तो?"

"..."

"एकही नाही? डार्ला, मला तर म्हणाला छान चाललंय... नाही गं. तुझा गैरसमज..."

"..."

"डोळे. हो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय पण... डॉक्टर काय म्हणाले?... मग डॉक्टर ठीक म्हणतायत तर..."

"..."

"असं म्हणाला तो? 'गोफर दिसत नाही त्याला वासराचे पाय काय दिसणार'... हो, हे त्याचंच बोलणं."

"..."

"शरद ऋतूत. म्हणजे हिवाळ्याच्या आधीच."

"..."

"नाही, नाही, बरोबरच आहे तुझं. तुझे वडील आहेत. तुझ्याजवळच, स्पोकेनला... हो. जमीन कुणाला देणार?... अच्छा. चांगला माणूस आहे तो."

"..."

"मी कसली काळजी घेतली त्याची. शेजारी आहे मी."

"..."

"ठेवते गं. काहीतरी करपतंय."

काहीही करपत नव्हतं. आर्डिस स्वयंपाकघरात उभी राहिली. फोन अजून तिच्या हातात होता. घरभर घेऊन फिरलेलं ते वाक्य कुठे ठेवावं, हे तिला समजेना.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती न सांगता त्याच्या शेतावर गेली. ऑरिनने ट्रक आडवा लावला होता. बॉनेटवर जुन्या जीन्सचा एक पाय, आत गहू भरून दोन्ही तोंडं शिवलेला, आणि त्यावर रायफल.

"तू?" तो म्हणाला.

"बघायला आले."

"बघण्यासारखं काय आहे त्यात?"

"माझ्या हातची आहेत. मला बघायचा हक्क आहे."

त्याने सरकून जागा केली. आर्डिसने दुर्बीण काढली. सूर्य नुकताच वर आलेला, त्यांच्या डाव्या अंगाला, तिरपा. पुढच्या ढिगावर एक गोफर खुंटीसारखा उभा.

"दिसतो?" तिने विचारलं.

"दिसल्यासारखा वाटतो."

बार झाला.

आर्डिसने बघितलं आणि तिला ते खरं वाटलं नाही. "अजून एक मार," ती म्हणाली. "त्यालाच."

"तो गेला नाही?"

"उभा आहे. मार."

पुन्हा बार. या वेळी तिने गोफरकडे बघितलंच नाही. तिने मधल्या हवेत बघितलं. तिरप्या उन्हात, शेताच्या निम्म्या वाटेवर, हवेत एक राखाडी रेघ उमटली, शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी. रेघेच्या टोकाला धुराचा लहानसा ठिपका. तो वाऱ्याने विरला. त्याच्या पलीकडे काही गेलं नाही. गवत हललं नाही, धूळ उडाली नाही. गोफरने मिशा हलवल्या आणि तो खायला लागला.

"चुकली," ऑरिन म्हणाला. त्याने रायफल खाली घेतली आणि तिच्याकडे न बघता हसला. "तुझ्या काडतुसाचा दोष नाही हां. काडतूस पहिल्या नंबरचं आहे."

आर्डिस अजून त्या मधल्या हवेकडेच बघत होती.

"आवाज कसा खणखणीत येतो," तो म्हणाला.

*

काय झालं होतं ते तिला तिथेच, त्याच्या ट्रकला टेकून उभी असताना कळलं.

रायफलीच्या नळीला आतून पिळदार आटे असतात. गोळी त्यांतून फिरत बाहेर पडते, म्हणून सरळ जाते. आर्डिसच्या नळीचे आटे सैल, आळशी. ऑरिनच्या जुन्या नळीचेही तसेच होते. पण हल्ली लोकांना लांब, जड गोळ्या लागतात, आणि लांब गोळीला घट्ट पीळ लागतो, नाहीतर ती हवेत कोलांट्या खाते. जावयाने मागवलेली नळी त्या नव्या चालीची, घट्ट पिळाची; बंदूकवाल्याने तिच्यातून मारलेल्या त्या चार गोळ्याही लांब, जडच असणार. अशा नळीतून पातळ सालीची हलकी गोळी पूर्ण जोरात काढली, तर ती इतकी गरगरते की वाटेतच साल फाटतं आणि शिशाचा धूर होतो.

हे आर्डिसला माहीत होतं. तिच्या वडिलांनाही माहीत होतं. काडतुसं भरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. नळी बदलली की पहिला प्रश्न विचारायचा: पीळ केवढा? तिने म्हटलं होतं, चकाकते छान.

"जरा घरी जाऊन येते," ती ऑरिनला म्हणाली.

*

तिने असं करायचं ठरवलं, आणि असंच झालं असतं:

ती घरी जाते. कोठीत वरच्या फळीवर जड गोळ्यांचा डबा आहे, जाड सालीच्या, कोल्ह्यांसाठी आणलेल्या. ती त्या भरते. दुपारी त्याच्याकडे जाऊन म्हणते, हे घे, ताजी आहेत. जुना डबा सहज उचलून नेते. ऑरिन मारतो, लागते. तो म्हणतो, आर्डिस, मला दिसतंय! ती म्हणते, वारा पडला असेल. तो डार्लाला फोन करतो. शरद येतो, जातो. ऑरिन इथेच राहतो. त्याला वाटत राहतं, मे महिन्यात डोळे रुसले होते, मग परत आले. आर्डिसच्या हातचं काडतूस पहिल्या नंबरचंच राहतं.

हे सगळं तिला गाडी चालवताना इतकं नीट दिसलं की तिने घराच्या फाटकापाशी ब्रेक दाबला.

आत काय भरलंय हे सांगितल्याशिवाय कुणाच्या हातात काडतूस द्यायचं नाही. दुसऱ्याच्या हातचं उडवू नये, हा त्याचाच दुसरा अर्धा भाग. वडिलांनी सांगितलेला. उडवणाऱ्याचा गाल तिथे असतो.

पण सांगितलं, तर ऑरिन परत तिच्या हातचं उडवणार नव्हता. त्याच्या जागी तिनेही उडवलं नसतं. आणि त्याच्या हातांनी त्याला भरता येत नव्हतं. म्हणजे तसंही झालं असतं तेच. स्पोकेन.

फाटकाशी ती बराच वेळ बसली. मग आत न शिरताच गाडी वळवली.

*

"ऑरिन, तुझी एकही गोळी चुकलेली नाही."

"मी आंधळा होतोय. मूर्ख नाही झालेलो."

"तुझी एकही गोळी पोचलेली नाही."

तो त्याच्या ओसरीत खुर्चीवर होता, रायफल भिंतीला टेकवलेली. आर्डिसने विचारलं, "साफ करायचा गज कुठे आहे?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच खुंटीवरून काढला. बोल्ट काढला, चेंबर रिकामं आहे ना हे बघितलं, त्यालाही दाखवलं. गजाच्या टोकाला घट्ट चिंधी, गजावर कागदी चिकटपट्टीची एक बारीक शेंडी.

"शेंडीकडे बघ. मी ढकलते."

गज आत जाऊ लागला. आटे चिंधीला वळवत होते, चिंधी गजाला, आणि शेंडी हळूहळू फिरू लागली. वर होती ती उजवीकडे, खाली, डावीकडे, परत वर.

"एक फेरी," ऑरिन म्हणाला.

आर्डिसने गज किती आत गेला त्यावर आपला पंजा पसरून ठेवला. तिची एक वीतही पुरी झाली नव्हती.

"माझ्या नळीत एका फेरीला पावणेदोन वीत लागते," ती म्हणाली. "तुझ्या जुन्या नळीतही लागायची. हिच्यात गोळी दुप्पट गरगरते. पातळ सालीला ते सोसत नाही. वाटेतच फुटते. मी आज हवेत तिचा धूर बघितला. गेले सगळे आठवडे तू धूर मारत होतास, आणि तो मी भरून दिलेला."

ऑरिन शेंडीकडे बघत राहिला.

"नळी बदललीय हे तुला ठाऊक होतं," तो सावकाश म्हणाला.

"होतं."

"आणि विचारलं नाहीस."

"नाही विचारलं. दस्त्यावरची ती खूण बघितली आणि वाटलं, हीच ती. जुनी ओळखीची."

कुत्रा उठला, दोघांकडे बघून परत आडवा झाला.

"मीही तेच केलं," ऑरिन म्हणाला. "हिशेब केला की. बंदूक ठीक, बंदूकवाल्याने स्वतः मारून दाखवली. दुर्बीण ठीक. काडतूस आर्डिसच्या हातचं, म्हणजे त्यात खोट असणं शक्य नाही. मग राहिलं कोण? मी."

"कागदावर मारून बघितलंस?"

"बघितलं ना. कागद कोरा. म्हटलं, आता कागदसुद्धा दिसत नाही. लुएला असती तर म्हणाली असती, बघ बाबा, चष्मा तरी घातलायस का."

"मला का नाही सांगितलंस? छान, छान करत होतास नुसता."

ऑरिनने हाताची बोटं एकमेकांत अडकवायचा प्रयत्न केला, ती अडकली नाहीत, मग हात मांडीवर ठेवले.

"सांगितलं असतं तर तू भरायचं थांबवलं असतंस," तो म्हणाला. "मग तुझ्याकडे यायला निमित्त काय उरलं असतं मला?"

आर्डिसने गज बाहेर काढला. चिंधीवर राखाडी काजळी होती. ती निष्कारण पुसत बसली.

"आता तू माझ्या हातचं उडवणार नाहीस," शेवटी ती म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर उडवलं नसतं. सांगून ठेवते, मला राग येणार नाही."

"येईल."

"येईल. पण दाखवणार नाही."

"दाखवशील. क्लिफ सांगायचा, कपाटाची दारं आपटतेस." ऑरिन उठला. उठायला त्याला खुर्चीचे दोन्ही हात लागले. "काय भरणार आहेस ते आधी मला सांगायचं. गोळी दाखवायची. आणि मी शेजारी बसणार."

"तुझ्या बोटांनी काय करशील बसून?"

"पुंगळ्यांत डोकावीन. जवळचं दिसतं मला. लांबचं काय ते अजून कुणालाच माहीत नाही."

*

तिने ठोकळा त्याच्यापुढे सरकवला. तो बॅटरी धरून एकेका पुंगळीत बघत गेला, बोलला नाही, तीही बोलली नाही. शेवटच्या ओळीत तो थांबला.

"ही बघ."

तिने बघितलं. दारू होती, तेवढीच होती.

"काय झालं?"

"काही नाही. तू बघतेस का ते बघितलं."

"ऑरिन हॉगलंड, दारू उघडी असताना थट्टा करायची नाही माझ्या घरात."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढची पुंगळी बघितली. पण कोठीच्या त्या अरुंद जागेत, लोणच्यांच्या बरण्यांना पाठ टेकून, तो इतका खूश दिसत होता की आर्डिसला रागावणं पुढे रेटता येईना.

या गोळ्या लांब होत्या, जाड सालीच्या. आर्डिसने पहिली त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने अंगठ्याने ती इकडून तिकडे लोटून पाहिली. मग मान हलवली. मग तिने बसवली.

*

पहिला बार.

गोफरच्या मागे, टाचभर उजवीकडे, मातीचा फवारा उडाला.

"धूळ!" आर्डिस ओरडली. दुर्बीण तिच्या हातून सुटता सुटता राहिली.

"चुकली," ऑरिन म्हणाला. तो असं म्हणाला की कुणाला वाटावं त्याला बक्षीस मिळालंय. "आर्डिस, ही चुकली. आणि ही माझी आहे."

"तुझीच. चाप हिसकलास."

"हिसकला. दिसलं मला हिसकलेलं."

दुसरीही चुकली. तिसरीला तो बराच वेळ थांबला. वारा पडला, परत उठला, परत पडला. बाराबरोबर गोफर उलटला, ढीग मोकळा झाला.

ऑरिनने गाल दस्त्यावरून उचललाच नाही. आर्डिसने त्याच्याकडे बघितलं नाही, कारण माणसाला तेवढी मोकळीक द्यावी लागते. डोळे पहिल्यासारखे नव्हतेच. निम्म्या गोळ्या चुकत होत्या त्या त्याच्यामुळेच, पुढेही चुकणार होत्या. पण गुरं राखायला, कुंपण बघायला, वासराचे पाय मोजायला ते पुरेसे होते. हे दोघांनाही एकाच वेळी कळलं.

*

डार्लाला त्याने त्याच दुपारी फोन केला. त्याला कमी ऐकू येतं म्हणून फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवलेला असतो. आर्डिस त्याच्या सिंककडे तोंड करून तवा घासत होती. हरणाच्या मांसाचा वास अजून खोलीभर होता.

"मी येत नाही," ऑरिन म्हणाला.

"डॅड, आपलं ठरलंय."

"ठरलं तेव्हा मी आंधळा होतो. आता नाही."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. नळी, पीळ, साल, धूर. जावयाचं नाव त्याने घेतलं नाही, आर्डिसचंही नाही. "गोळी आणि नळी जुळत नव्हती, एवढंच," असं म्हणाला.

डार्लाने सगळं ऐकून घेतलं. शेतकऱ्याची मुलगी होती, तिला ते समजलं. "चांगलं झालं," ती म्हणाली. "खरंच, डॅड. मला बरं वाटलं. पण गोफरचा प्रश्न कधी नव्हताच. तू तिथे एकटा असतोस. जानेवारीत पडलास तर मला एप्रिलमध्ये कळेल."

"अतिशयोक्ती करतेस."

"बरं, मार्चमध्ये."

ऑरिनने खिडकीबाहेर बघितलं, मग टेबलाकडे, मग आपल्या हातांकडे.

आर्डिसने तवा खाली ठेवला. हात पुसले. हात कोरडे झाल्यावरही ती जरा वेळ पुसत राहिली. मग टेबलापाशी आली.

"डार्ला, मी आर्डिस बोलतेय."

"तुम्ही आहात होय तिथे! देवासारख्या भेटलात. तुम्हीच समजवा ना त्याला. तुमचं ऐकतो तो."

"समजावते. पण आधी तुला एक विचारायचं होतं." ती खाकरली. "मी इकडे राहायला आले, तर तुझी काही हरकत आहे का?"

ऑरिनचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला होता.

"इकडे म्हणजे," डार्ला म्हणाली, "डॅडच्या घरी?"

"हो. माझं घर मोठं आहे, पण जिन्याच्या पायऱ्या वाईट आहेत. याच्याकडे सगळं खालीच आहे."

"तुम्ही डॅडला विचारलंत?"

"अजून नाही. समोरच बसलाय. म्हटलं, आधी तुला विचारावं. हे घर तुझ्या आईचं होतं."

खूप वेळ फक्त फोनची खरखर आली. डार्ला रडतेय की हसतेय ते आर्डिसला कळलं नाही. मग तिचा आवाज आला, ओला, पण पक्का.

"माझी कसली हरकत असणार, आर्डिस. तो काय म्हणतोय?"

आर्डिसने वर बघितलं.

"बोलत काही नाही," ती फोनला म्हणाली. "खुर्ची सरकवतोय. मला बसायला."